उघडं दार आणि कुलूप लावलेली बॅग

पहिल्या अंकात वीस वर्षांनी माहेरी आलेली एक बाई नवरा आणि तीन मुलांना घेऊन घरात शिरते. दार ढकललं की उघडतं. याला कुलूप नसतं, माझ्या जन्मापासून कधी नव्हतंच, असं ती सांगते. बरोबरच्या सामानात मात्र एक जुनाट ब्रीफकेस आहे आणि तिला कुलूप आहे. अमेरिकन नाटककार लिलियन हेलमनचं ‘वॉच ऑन द ऱ्हाईन’ हे नाटक या दोन वस्तूंच्या मधल्या जागेत घडतं. ते नव्याने उभं करणाऱ्यांनी पहिल्या वाचनाला बसण्याआधी दाराचा आणि बॅगेचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. बाकीचं सगळं त्यांच्या मागून येतं.

नाटक 1 एप्रिल 1941 ला न्यूयॉर्कच्या मार्टिन बेक थिएटरमध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन हर्मन शुमलिनचं, नेपथ्य जो मील्झिनरचं. ही तारीख नीट लक्षात ठेवायला हवी. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, 11 मार्चला, ब्रिटनला शस्त्रं पुरवण्याच्या लेंड-लीज कायद्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची सही झाली होती. हिटलर आणि स्टालिन यांच्यातला ऑगस्ट 1939 चा करार अजून शाबूत होता. अमेरिका युद्धात नव्हती, आणि तिने पडूच नये असं म्हणणारे लोक काही थोडेथोडके नव्हते. प्रयोग चालू असतानाच जूनमध्ये जर्मनी रशियावर चालून गेली, डिसेंबरात पर्ल हार्बर झालं, आणि जानेवारी 1942 मध्ये वॉशिंग्टनला खुद्द रूझवेल्टसमोर प्रयोग झाला. ब्रॉडवेवर एकूण 378 प्रयोग झाले. नाटक तेच, पण सुरुवातीचा प्रेक्षक आणि शेवटचा प्रेक्षक ही दोन वेगळी माणसं होती. एप्रिलमधल्याला हे युद्ध आपलं आहे की नाही हे अजून ठरवायचं होतं. पर्ल हार्बरनंतर येणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी भरतीला निघालेलं असू शकत होतं.

आजच्या प्रेक्षकाला निकाल ठाऊक असतो. कोण हरलं, कोण जिंकलं, छावण्यांत काय सापडलं, हे सगळं मनात घेऊनच तो खुर्चीत बसतो. त्यामुळे फॅसिस्टविरोधी माणूस मंचावर आला की तो बरोबर आहे हे आधीच मान्य झालेलं असतं, आणि नाटकातला ताण तिथेच सैल पडतो. जुनं युद्धकालीन राजकीय नाटक पुन्हा करताना खरी झुंज याच्याशी असते. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही, ही अवस्था सभागृहात परत आणायची. ती पत्रकातल्या टिपणाने येत नाही, भिंतीवर हिटलरची चित्रफीत दाखवून तर मुळीच येत नाही. ती येते बारीकसारीक, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांतून.

गोष्ट थोडक्यात अशी. 1940 चा वसंत संपत आलाय. वॉशिंग्टनपासून वीसेक मैलांवर फॅनी फॅरेली या श्रीमंत, फटकळ विधवेचं जुनं घर आहे. मुलगा डेव्हिड, फ्रेंच मदतनीस अनीस, नोकर जोसेफ, आणि पाहुणे म्हणून येऊन ठाण मांडलेलं रुमेनियन काउंट टेक डी ब्रँकोव्हिस आणि त्याची अमेरिकन बायको मार्थ हे जोडपं. तिथे मुलगी सेरा येते, जर्मन नवरा कुर्ट म्युलर आणि जोशुआ, बाबेट, बोडो या मुलांसह. कुर्ट पेशाने इंजिनिअर होता. नाझींविरुद्ध भूमिगत काम करणं हा त्याचा आताचा उद्योग. बॅगेत 23,000 डॉलर आहेत, गरीब लोकांनी चिल्लर साठवून जमवलेले. टेकची जर्मन वकिलातीतल्या लोकांबरोबर पत्त्यांची बैठक असते. तो कुलूप फोडतो, कुर्ट कोण हे ओळखतो आणि गप्प राहण्याचे 10,000 मागतो. कुर्ट त्याला ठार मारतो आणि जर्मनीला परत निघतो. तिकडून तो येण्याची शक्यता फार थोडी.

पात्रं अकरा. तीन मुलं. एकच दिवाणखाना, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या फर्निचरने भरलेला. हा हिशेब पाहिला की व्यावसायिक निर्माता हात आखडता घेतो. म्हणूनच असं नाटक अमेरिकेत टिकून राहिलं ते मुख्यतः रिजनल थिएटरांमुळे, म्हणजे आपापल्या शहरात स्वतःची इमारत, स्वतःची सुतारशाळा, स्वतःचा कपडेपट आणि वर्षाची वर्गणी भरणारा प्रेक्षक असलेल्या ना-नफा संस्थांमुळे. वॉशिंग्टनचं अरीना स्टेज 1950 चं, मिनिअ‍ॅपोलिसचं गथ्री 1963 चं, कॅलिफोर्नियातलं बर्कली रेप 1968 चं. 2017 मध्ये अरीना स्टेजने हे नाटक केलं आणि त्याच वर्षी गथ्री आणि बर्कली रेप यांनी मिळूनही ते उभं केलं. दोन संस्था एकत्र आल्या की खर्च वाटला जातो, पण नेपथ्य पहिल्यापासूनच दोन मंचांच्या मापात बसेल असं तुकड्यांत बांधावं लागतं. मागाहून कापाकापी केली की दारं कुरकुरायला लागतात. आणि या नाटकात दार कुरकुरून चालत नाही.

अरीना स्टेजचा मुख्य मंच मधोमध, प्रेक्षक चारी बाजूंनी. तिथे हे नाटक करायचं म्हणजे मोठीच कसरत. संहितेत फॅनीच्या दिवंगत नवऱ्याचं भलंमोठं तैलचित्र आहे. नामांकित मुत्सद्दी असलेला हा माणूस सगळ्या घरावर नजर ठेवून असतो. भिंतच नसली तर तो टांगायचा कुठे? उंच पाठीच्या खुर्च्या ठेवल्या तर एका बाजूचे शंभर लोक फक्त लाकूड बघतात, म्हणून पाठ बसलेल्या माणसाच्या खांद्याखाली राहील अशाच खुर्च्या घ्याव्या लागतात. बॅग तर सर्वांत अवघड. ती चारी बाजूंना दिसली पाहिजे, पण कुणी मुद्दाम मांडून ठेवलीय असं वाटता कामा नये. त्यावर उपाय एकच. सामानाचा ढीग दर प्रयोगाला त्याच जागी यावा म्हणून जमिनीवर खुणेच्या पट्ट्या, आणि बॅग ठेवणाऱ्या नटाची त्या जागेवर पुन्हा पुन्हा तालीम.

आता पहिला अंक. इथेच बहुतेक पुनरुज्जीवनं घसरतात. पहिला अंक ही जवळजवळ निखळ दिवाणखानी विनोदिका आहे. सकाळचे साडेआठ, न्याहारीची वेळ. फॅनी सगळ्यांवर डाफरतेय, अनीस घरातली पत्रं चाळतेय, धाकटा बोडो मोठमोठे इंग्रजी शब्द चुकीच्या जागी वापरून प्रवचन झोडतोय. दिग्दर्शकाला घाई असते, ‘विषयाला’ लवकर हात घालायची. मग इथली दहाबारा मिनिटं कापली जातात. (परवान्याच्या अटींनुसार परवानगीशिवाय एक ओळही गाळता येत नाही, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) कापलं की तिसऱ्या अंकाचा पाया जातो. प्रेक्षकाला आधी त्या घरात आरामात बसू द्यायला हवं. फॅनीचे टोमणे ऐकून हसू द्यायला हवं. आपण या घरचेच आहोत असं त्याला वाटलं, तरच त्याच घरात माणूस मारला जातो तेव्हा त्याच्या पोटात कालवाकालव होते. पहिल्या अंकातला हशा नीट मोजावा. तालमीला बाहेरची दहा माणसं बसवावीत आणि कुठे हसू येतं, कुठे येत नाही, याच्या खुणा रंगमंच व्यवस्थापकाने संहितेत कराव्यात. हशा कमी पडला तर वेग वाढवून काही होत नाही. बहुतेक वेळा कारण हे असतं, की फॅनीची नटी पुढे येणारी शोकांतिका डोक्यात घेऊन बोलतेय. फॅनीला त्या सकाळी मुलगी येणार याच्यापलीकडे काही ठाऊक नाही.

मध्यंतर कुठे घ्यायचं यावरही बराच खल होतो. मूळ तीन अंकांना दोन मध्यंतरं होती, आज एकच परवडतं. पहिल्या आणि दुसऱ्या अंकात दहा दिवस जातात, दुसऱ्या आणि तिसऱ्यात फक्त अर्धा तास. मध्यंतर पहिल्या अंकानंतरच हवं. टेक सामानापाशी घुटमळतोय, सगळ्या ढिगात त्या एका बॅगेला कुलूप आहे हे त्याच्या ध्यानात आलंय, आणि तिथे दिवे लागतात. लोक चहाला जातात ते कुलूप डोक्यात घेऊन. पुढचे दोन अंक सलग. मध्ये फक्त प्रकाश थोडा उतरतो. दुसऱ्या अंकानंतर लोकांना उठवलं तर खंडणीची धमकी व्हरांड्यातल्या गप्पांत विरून जाते.

बॅगेतल्या पैशांचं गणित प्रॉपर्टीवाल्याने, म्हणजे मंचावरच्या वस्तू सांभाळणाऱ्याने, कागदावर करावं. अमेरिकन नोट कितीचीही असो, वजन साधारण 1 ग्रॅम, शंभर नोटांची जाडी 1.1 सेंटिमीटरच्या आसपास. 23,000 डॉलर शंभराच्या नोटांत असले तर 230 नोटा, कोटाच्या दोन खिशांत मावतील. विसाच्या असल्या तर 1,150 नोटा, सव्वा किलोच्या आत, एकावर एक रचल्या तर साडेबारा सेंटिमीटर. दहाच्या असल्या तर 2,300 नोटा, सव्वादोन किलोंहून थोडं जास्त. पैसा गरिबांच्या चिल्लरीतून आलाय, तेव्हा दहा आणि विसाच्या वापरलेल्या, मऊ पडलेल्या नोटा हे सर्वांत पटणारं उत्तर. म्हणजे बॅगेत खरोखर दीडदोन किलो वजन हवं. रिकामी बॅग नट कितीही जड असल्यासारखी उचलो, मनगट खोटं बोलतं. नोटाही कोऱ्या करकरीत नकोत. चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, चुरगाळून, पुन्हा इस्त्री न करता दाबून ठेवल्या की जमतं. एक कायदेशीर बाब: अमेरिकेत नोटेची रंगीत प्रतिकृती एकाच बाजूने छापावी लागते, आणि आकार खऱ्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा लहान किंवा दीडपटीपेक्षा मोठा ठेवावा लागतो. त्यामुळे गठ्ठ्याच्या कडाच काय त्या प्रेक्षकांकडे याव्यात, नोटेचा दर्शनी भाग येऊ नये.

नटांनाही रकमेचा अंदाज द्यावा. 1940 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या मधल्या किमतीच्या घराचा भाव 3,000 डॉलरच्या आत होता. टेक मागतो त्या दहा हजारांत अशी तीन घरं येतात. आजच्या भावाने बॅगेतली रक्कम पाच लाख डॉलरच्या आसपास जाईल. हे कळलं, की मोठी रक्कम ऐकून डोळे विस्फारण्याचा अभिनय आपोआप गळून पडतो. फॅनीसाठी दहा हजार ही देता येण्याजोगी रक्कम आहे. कुर्टसाठी तो दुसऱ्यांचा, मोजून सांभाळायचा पैसा आहे. एकाच आकड्याकडे दोघं वेगळ्या नजरेने बघतात.

आणि कुर्टचे हात. छळात ते मोडलेले आहेत. पहिल्या अंकात कुर्ट झालेला नट बोटं आखडून धरतो, दुसऱ्या अंकात पियानोशी बसताना विसरतो, तिसऱ्यात तर धडधाकट मुठीने मारतो. हे हमखास होतं. हाताची दुखापत ही भावना म्हणून धरली की ती रागाच्या भरात निसटते, सवय म्हणून बसवली तर टिकते. पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकावं: उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, अंगठ्यात जोर नाही. मग त्या हाताने काय काय करावं लागतं याची यादी करायची. कप उचलणं. मुलाचं बटण लावणं. बॅगेची किल्ली फिरवणं. प्रत्येक कृती त्या मर्यादेत कशी होते हे पंचवीसतीस वेळा करून बघायचं, संवादाशिवाय. कप कानाने धरता येत नाही, मग तो दोन्ही तळव्यांत धरला जातो. किल्ली चिमटीत राहत नाही, मग ती तर्जनीच्या पेरावर टेकवून मनगटाने फिरवावी लागते. त्यात तीनचार सेकंद जास्त जातात. ते सेकंद संवादाने भरू नयेत. प्रेक्षक काही न सांगता बघतो आणि त्याला समजतं. 1941 च्या प्रयोगात आणि 1943 च्या चित्रपटात कुर्टचं काम पॉल लुकासने केलं, चित्रपटासाठी त्याला ऑस्करही मिळालं. त्याची नक्कल मात्र कुणी करू नये. कुर्टला वीर म्हणून उभं केलं की नाटक संपलं. स्वतःला भीती वाटते हे तो लपवत नाही. ऑगस्ट 1931 मध्ये आपल्या गावी, फ्यूर्टला, नाझींच्या दंगलीत सत्तावीस माणसं मारली जाताना त्याने पाहिली, त्यानंतर त्याला गप्प बसणं जमलं नाही, इतकंच त्याचं म्हणणं.

टेकबद्दलही हेच. त्याला मिशा पिळणारा खलनायक केलं तर घरातली माणसं त्याला इतके दिवस ठेवून घेतात ती मूर्ख ठरतात. तो दमलेला, उधारीवर जगणारा, चांगल्या वळणाचा माणूस आहे. कुर्ट त्याच्याशी जवळजवळ सहानुभूतीने बोलतो, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. बोलीचं म्हणाल तर कुर्टची जर्मन, टेकची रुमेनियन, अनीसची फ्रेंच आणि मुलांची शाळेत शिकून आलेली अतिशुद्ध इंग्रजी, या चार वेगळ्या चाली आहेत. भाषाप्रशिक्षक एकच असला की चौघं एकसारखे ऐकू येतात. डोळे मिटून तालीम ऐकावी, कोण बोलतंय हे लगेच ओळखता यायला हवं.

जोसेफच्या भूमिकेकडे आजवर पुरेसं लक्ष गेलेलं नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. स्वातंत्र्याच्या गप्पा चाललेल्या या घरात एक कृष्णवर्णीय माणूस ट्रे घेऊन फिरतोय, तेही वंशभेदाचे कायदे लागू असलेल्या काळात. संवाद मोजके आहेत आणि नवे घालता येत नाहीत. पण तो खोलीत कधी थांबतो, काय ऐकतो, दार ओढून घेताना कुणाकडे बघतो, हे दिग्दर्शकाच्या हातात असतं. चांगल्या नटाला तेवढं पुरतं, मात्र त्याच्यासाठी तालमीचा वेळ राखून ठेवावा लागतो.

मुलांच्या कपड्यांचं एक बारीक काम सांगतो. वाढत्या वयाच्या मुलांचे कपडे खालची दुमड उसवून लांब केलेले दाखवायचे, तर जुन्या दुमडीची रेघ दिसली पाहिजे. त्यासाठी कापड आधी दुमडून शिवायचं, सातआठ वेळा धुवायचं, दुमडीच्या काठावर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, मग उसवायचं. आतलं कापड गडद राहतं, काठावर फिकट रेघ उमटते. दहाव्या रांगेच्या मागे ती कुणाला दिसणार नाही. फॅनीला दिसते. नातवाच्या पँटवरची ती रेघ पाहून तिच्या नटीला जे होतं, ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतं.

मारण्याचा प्रसंग: घाव खोलीत बसतो, शेवट बाहेर, नजरेआड. इथे संगीत नको, संथ गती नको. झटापट मारामारी-दिग्दर्शकाने बसवायची, आधी चतुर्थांश वेगात, आठवड्याभराने अर्ध्या, आणि नीट बसल्यावरच प्रयोगाच्या वेगात. प्रत्येक प्रयोगाआधी ती एकदा करून बघायचीच, दोनशेव्या प्रयोगालाही. पिस्तूल वापरायचं ठरलं तर मंचावर न उडणारी प्रतिकृतीच असावी. ती कुलपात राहावी, देताना नळी आणि चेंबर नटाला उघडून दाखवावं, परत घेताना नोंद करावी. बिघडतं ते बहुधा यानंतर. ज्याला मारलं तो बाहेर गेला की खोलीत एक रिकामी वेळ उरते. नटांना तिची भीती वाटते आणि ते पुढचं वाक्य लवकर घेतात. खुर्ची सरकलेली आहे, गालिचाचा कोपरा उलटलाय, आणि टेकला द्यायचे पैसे आणायला गेलेले फॅनी आणि डेव्हिड अजून परतायचे आहेत. दहा सेकंद. घड्याळ लावून दहा सेकंद.

मग कुर्ट मुलांचा निरोप घेतो आणि जे झालं ते वाईटच होतं, कुणीही केलं, कशासाठीही केलं तरी वाईट, असं त्यांना सांगतो. 1941 मध्ये लोकांना युद्धासाठी उभं करू पाहणाऱ्या नाटकात हे वाक्य आहे, म्हणून मला हे नाटक इतकं मोलाचं वाटतं. ते हळू आवाजात, धाकट्याच्या उंचीला वाकून म्हणावं. बोडो झालेला मुलगा आठनऊ वर्षांचा असतो. त्याला खरोखर रडवण्याचा प्रयत्न कुणी करू नये. त्याला फक्त ऐकायला सांगावं, दर प्रयोगाला नव्याने.

शेवटी खोलीत फॅनी आणि डेव्हिड, आई आणि मुलगा, दोघंच उरतात. आता संकट येणार हे दोघांना कळलेलं आहे. फॅनी बोलते ते मात्र उद्याच्या बाबेटच्या वाढदिवसाच्या जेवणाबद्दल. इथे विमानांचा आवाज, रेडिओवरची बातमी, लांबून भोंगा असं काहीतरी घालावंसं वाटतं. त्यातलं काहीही घातलं तरी निकाल पुन्हा सभागृहात येऊन बसतो. प्रकाशही नेहमीच्या रात्रीसारखा असावा, एक टेबलावरचा दिवा, एक जिन्यावरचा. फॅनी जाते. डेव्हिड झालेल्या नटाला या क्षणी हमखास वाटतं, की उठून त्या दाराची कडी लावावी. तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि त्याला लावू देऊ नये.